एकवीस आणि चौऱ्याहत्तर

मी तटरक्षक दलात जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात समुद्र पाहिलेलं माणूस एकच होतं. माझे पप्पा. तेही चैत्यभूमीला गेले होते म्हणून. रांगेतून पुढं सरकताना बाजूला पाणी दिसलं, लई पाणी होतं, एवढंच ते सांगायचे. त्यापलीकडं त्यांना काही सांगता यायचं नाही आणि आम्हालाही विचारायला काही सुचायचं नाही.

आम्ही लातूरचे. पप्पा डाळ मिलमध्ये कामाला. आई अंगणवाडी सेविका. मी थोरला आणि माझ्या पाठीवर एक बहीण. आमच्या गल्लीत नोकरी म्हटली की पोलीस, शिक्षक, तलाठी, फार तर एसटी. समुद्रावर नोकरी असते हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. मलाही ते कळलं क्लासशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथं भरतीच्या जाहिराती चिकटवलेल्या असायच्या. एका जाहिरातीवर पांढऱ्या जहाजाचा फोटो होता आणि त्याच्या अंगावर तिरका पट्टा. झेरॉक्सला गर्दी असली की मी त्या फोटोसमोर उभा राहायचो. किनाऱ्यावर पहारा द्यायचा, वादळात अडकलेल्या मच्छिमारांना काढायचं, असं खाली लिहिलेलं होतं. ते काढायचं काम मला फार आवडलं.

घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "तुला पवता येतंय का?"

"न्हाई."

"मग?"

मी म्हणालो, ते शिकवतात. पप्पा म्हणाले, शिकवत असतील तर जाऊ दे. आमच्या घरात मोठे निर्णय असेच व्हायचे, जेवणाच्या आधी.

त्यानंतर दोन उन्हाळे मी पळालो. सकाळी क्रीडा संकुलाच्या मैदानावर जायचो. बहीण तेव्हा अकरावी-बारावीला होती. तिला पहाटे उठून अभ्यास करायची सवय, म्हणून वेळ मोजायला मी तिलाच घेऊन जायचो. ती पुस्तक काखेत धरून, मोबाईल हातात घेऊन कडेला उभी राहायची. काही दिवसांनी तिला उभं राहायचा कंटाळा आला. मग तीही माझ्या मागं मागं पळायला लागली, पायात चप्पल, ओढणी कमरेला गुंडाळलेली. पळता पळता ओरडून वेळ सांगायची. मैदानावर येणारे म्हातारे तिला मास्तरीण म्हणायचे.

लेखी परीक्षा मी पास झालो. पुढचं बोलावणं किनाऱ्यावरच्या एका शहरात होतं. तिथं पळणं, कागदपत्रं आणि डॉक्टरी तपासणी. आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. धर्माबादहून आबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, फोन आला. आबांचं फोनवर बोलणं म्हणजे शेतातल्या माणसाला हाक मारावी तसं. त्यांनी एकच सांगितलं की, घाबरू नको, तुझ्या आज्जीनं खीर करायला घेतलीय.

पळण्यात मी पहिल्या काहींत आलो. उठाबशा, जोर सगळं झालं. कागदपत्रं नीट होती. मग डॉक्टरी तपासणी सुरू झाली. कान, दात, गुडघे, छाती. एकेका खोलीतून पुढं सरकताना मनात मी जवळजवळ भरतीच झालो होतो.

शेवटच्या खोलीत खिडकीजवळ एक डॉक्टर बसले होते, वयानं पप्पांएवढे. त्यांच्या पुढ्यात एक पातळसं पुस्तक होतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा गोल आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. तो वाचायचा, बस्स. माझ्या पुढचा मुलगा मोंढ्यात भाव पुकारावेत तसे आकडे म्हणत गेला. माझी पाळी आली. पहिल्या पानावरचा आकडा मी वाचला. दुसऱ्या पानावर मला नुसते ठिपके दिसले. वाटलं, डोळ्यांवर ऊन येतंय, म्हणून मान तिरकी करून पाहिलं. डॉक्टरांनी पान उलटलं. तिथंही ठिपकेच. मग एका पानावर मला स्वच्छ आकडा दिसला आणि जीव भांड्यात पडला. मी मोठ्यानं म्हणालो, "एकवीस."

डॉक्टरांनी मान वर केली. पुन्हा बघ म्हणाले, सावकाश बघ, घाई नाही. मी पुन्हा पाहिलं आणि पुन्हा एकवीसच म्हणालो.

त्यांनी पुस्तक मिटलं. मी कुठला ते विचारलं. मग हळू आवाजात हिंदीत म्हणाले की, बेटा, इथं चौऱ्याहत्तर आहे. तुला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आजवर कुणी सांगितलं नाही का?

मला ते खरंच वाटेना. मला लाल दिसत होतं, हिरवं दिसत होतं. निदान मी ज्याला लाल म्हणत होतो ते दिसत होतं. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून मला समजावलं. रात्री समुद्रात जहाज दिसत नाही, त्याचे दिवे दिसतात. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. समोरचं जहाज आपल्याकडं येतंय की चाललंय हे त्या दिव्यांवरून ओळखायचं. तिथं चूक झाली तर तुझ्या एकट्याचं नुकसान होत नाही. हे सांगताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. बाहेर रांग लांबत होती, तरी त्यांनी मला पाणी पिऊन जायला लावलं.

माझ्यासोबत सोलापूरचा एक मुलगा होता, दोन दिवसांतच दोस्ती झालेला. तो निवडला गेला होता. तो म्हणाला, चल, समुद्र तरी बघून ये, चालत जाण्याएवढा जवळ आहे. मी नको म्हणालो. तिथून सरळ स्टेशन गाठलं आणि गाडी यायला अवकाश होता तरी फलाटावर बसून राहिलो.

घरी आल्यावर झालं ते सांगितलं. पप्पांनी माझी पिशवी आत नेऊन ठेवली. आईला मात्र ते पटेना. "तुला रंग दिसत न्हाईत? मग शिवाजी चौकातला सिग्नल कसा पाळायलास?"

"वरचा लाल, खालचा हिरवा."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं घरभर फिरून वस्तू आणल्या. टोमॅटो, मिरची, पप्पांचा मफलर, बहिणीची वही. मी काही बरोबर सांगितल्या, काही चुकलो. पप्पांचा मफलर मी जन्मभर तपकिरी समजत होतो, तो हिरवा निघाला. तेवढ्यात पप्पांना आठवलं. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत मिलमध्ये गेलो होतो. तिथं रंगावरून डाळ निवडणारं यंत्र आहे, पप्पा तेच चालवतात. यंत्रातून निघालेली डाळ हातानं एकदा बघायची असते. मी त्यात तांबडे दाणे तसेच ठेवायचो. पप्पांना वाटलं, पोराचं लक्ष नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सांगितलं की हे जन्मापासूनच असतं, औषध नाही आणि काळजीचंही काही नाही. बहुतेक वेळा ते आईकडून येतं. आईला स्वतःला रंग नीट दिसत असतात, पण तिच्या वडिलांना हे असू शकतं.

परत येताना ऑटोत आई दवाखान्याच्या पावतीची घडी घालत होती, उलगडत होती. माझ्यामुळं झालं, असं ती मनात धरून बसणार हे मला कळत होतं. घराजवळ आल्यावर ती एकदम म्हणाली, "आबांनी एकदा विहाराच्या भिंतीवर पंचशील ध्वज रंगवला होता. केशरी पट्टा हिरवा केलता." आणि तिला हसू फुटलं. पप्पाही हसले. ऑटोवाला आरशातून बघायला लागला. मला हसू आलं नाही, पण आई हसली म्हणून बरं वाटलं.

चार-सहा दिवसांनी बहिणीला सुट्टी लागली आणि आईनं आम्हा दोघांना धर्माबादला पाठवलं. मला घरात बसून बसून उबग आला होता. गल्लीतला जो तो विचारायचा, काय झालं भरतीचं? सांगितलं की म्हणायचा, हा अन्याय आहे. धर्माबादला निदान विचारणारे थोडे होते.

आबांनी सारी हयात तिथल्या बाजारात मिरचीच्या आडतीत काढली. पोती भरायची, तोलायची, थप्पी लावायची. काम सुटून बराच काळ लोटला होता, तरी सकाळी एक फेरी मारल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. त्यांच्या बोलण्यात तेलुगू मिसळलेली असायची. आम्हा नातवंडांना ते बिड्डा म्हणायचे, म्हणजे लेकरू.

दुपारी जेवणं झाल्यावर बहिणीनं मोबाईलवर तसलंच ठिपक्यांचं पान काढलं. आधी आज्जीपुढं धरलं. आज्जीला आकडे जेमतेम यायचे. तिनं बोटानं गिरवत सात आणि चार सांगितले. मग आबांपुढं धरलं. त्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"एकवीस," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मला पण एकवीसच दिसतंय, असं सांगितलं. आबांनी मोबाईल खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मग बहिणीनं सगळं समजावून सांगितलं. आज्जीनं कपाळावर हात मारला. ध्वजाचा पट्टा हिरवा निघाला तेव्हा गल्लीतल्या बायांनी रंगाच्या दुकानदाराला जाऊन झाडलं होतं, डबा बदलून दिला म्हणून. त्या बिचाऱ्यानं नवा डबा फुकट दिला होता. लग्नानंतर पहिल्या पंचमीला आज्जीनं आबांकडं गुलाबी लुगडं मागितलं होतं आणि ते राखाडी आलं होतं. ते तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दुपारी बोलली, आणि बोलता बोलता आबांच्या ताटात राहिलेली खीर त्यांना चमच्यानं भरवली.

आबांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, लोकं उगंच रंगाचं कौतिक करतेत."

मिरचीचं काय करायचे, असं मी विचारलं. ते म्हणाले, पिकलेली मिरची हाताला कळते, फटकी, म्हणजे पांढरी पडलेली मिरची हलकी लागते, खुळखुळते, रंग बघायची गरजच पडली नाही. मग त्यांनी मला विचारलं की तुला घेतलं का नाही. मी जहाजांच्या दिव्यांचं सांगितलं. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. त्यांनी दोन्ही हात पसरून पाहिले, एक हात लाल, एक हिरवा, आणि ते हात हळूहळू एकमेकांजवळ आणले.

"मंग बरोबर हाय त्येंचं," ते म्हणाले. "पाण्यात मानसं असतेत. वाईट वाटायलंय, पर बरोबर हाय."

इतके दिवस मला सगळे म्हणत होते की तुझ्यावर अन्याय झाला. आबा एकटेच म्हणाले की बरोबर झालं. मला रडू आलं ते त्यांच्यासमोर. त्यांनी मला रडू दिलं. आज्जीनं बहिणीला चहाचं आधण ठेवायला आत बोलावून घेतलं.

परतीच्या एसटीत बहीण खिडकीजवळ बसली होती. नायगाव मागं गेल्यावर तिनं विचारलं, "दादा, त्यात मुली घेतात का?"

घेतात, मला ठाऊक होतं. पदवी झाली की अधिकारी म्हणून परीक्षा देता येते. पण मी आधी तिकिटांची घडी करून खिशात ठेवली. ते जहाज, ते पळणं, सगळं माझं होतं, आणि आता ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं म्हणजे नकोसं वाटलं. ती माझ्याकडं न बघता बाहेर बघत होती. मी म्हणालो, "घेतात. पण चपलीवर पळून भागायचं न्हाई." ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली.

पुढं तिला नांदेडला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. मी लातूरलाच एका क्लासमध्ये गणित शिकवायला लागलो. रविवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला जायचो. तिचं पळणं बघायचो, गणितं तपासायचो आणि संध्याकाळी परतायचो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला तिनं घरी सांगितलं. आईनं पहिल्यांदाच कशाला तरी ठाम नाही म्हटलं. पोरीनं समुद्रावर जायला तिची हरकत नव्हती. तिला भीती वाटत होती ती वेगळीच. पोरगी एवढं करणार, सगळं पार पाडणार आणि शेवटच्या खोलीत कुणीतरी पुस्तक मिटणार.

"मला चौऱ्याहत्तर दिसतंय आई," बहीण म्हणाली.

"तवा दिसलं. नंतर न्हाई दिसलं तर?"

मग पप्पांनी आईला सांगितलं, ही नजर बदलत नसते. मिलमधल्या यंत्राचा डोळासुद्धा मळतो, तेव्हा तो पुसावा लागतो. माणसाचं तसं नाही. आईला ते किती पटलं माहीत नाही, पण तिनं दुसऱ्या दिवसापासून बहिणीसाठी बदाम भिजवायला सुरुवात केली.

निवडीत पोहणं विचारत नाहीत, पण पुढं शिकावंच लागणार होतं. म्हणून बहिणीनं नांदेडच्या तरण तलावात नाव घातलं. सकाळची बायकांची बॅच होती. त्यात एक रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका, सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर, बाकीच्या गुडघेदुखीमुळं आलेल्या. त्या कठड्याला धरून पाय मारायच्या आणि सुनांबद्दल बोलायच्या. ही पोरगी कशासाठी शिकतेय हे कळल्यावर त्यांनी सुनांचा विषय सोडला. मुख्याध्यापिकाबाई तिला इंग्रजीतून प्रश्न विचारायच्या, हिनं दम लागलेला असताना उत्तर द्यायचं. सिस्टर तिच्यासाठी उकडलेली अंडी आणायच्या. ज्या दिवशी तिनं न थांबता पहिल्यांदा तलाव पार केला, त्या दिवशी पलीकडच्या कठड्यावर सगळ्या बाया ओळीनं उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. तिनं मला फोन करून सांगितलं तेव्हा मी फळ्यासमोर उभा होतो. पोरांना पाच मिनिटं गप्प बसायला सांगून मी जिन्यात गेलो आणि तिथं पुरं ऐकलं.

पहिल्या वर्षी ती लेखी परीक्षा पास झाली आणि पहिल्याच निवड मंडळापुढून परत आली. तिथं एक चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करायची. दुपारीच निकाल सांगून टाकतात. ती नांदेडला उतरली तेव्हा मी फलाटावर होतो. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "दादा, भूक लागलीय." स्टेशनबाहेर आम्ही इडली खाल्ली. दुसरी प्लेट झाल्यावर तिनं सांगितलं की तिथं सगळ्यांचीच उत्तरं पाठ होती, तिची पण. सगळे एकाच सुरात बोलत होते. तिला तिथं बसूनच कळलं की यांना हे ऐकायचं नाही, पण तोवर वेळ गेली होती.

त्या वर्षी आम्ही क्लासचे छापील प्रश्न बाजूला ठेवले. रविवारी मी तिला काहीही विचारायचो. पाण्याच्या टँकरपुढं रांगेत भांडण लागलं तर काय करशील? आमच्या गल्लीत ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं होतं. ती म्हणाली, आई करायची तेच करेन. आई आधी लहान घागरी भरू द्यायची, कारण मग रांग भरभर कमी झालेली दिसते आणि लोकांचा राग निवतो. मी म्हणालो, हेच तिथं सांग. ती म्हणाली, हे कसं सांगायचं, ही काय उत्तरं आहेत का? मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, हेच सांग.

दुसऱ्या वर्षी ती पहिलं मंडळ पार करून उत्तरेकडं मोठ्या मंडळापुढं गेली. तिथं काही दिवस ठेवून घेतात. फळ्या आणि दोर देऊन गटानं खड्डा ओलांडायला लावतात, एकट्यानं अडथळे पार करायला लावतात, आणि मग मुलाखत. मुलाखतीचं तिनं आम्हाला नंतर सगळं सांगितलं. टेबलापलीकडं मधोमध एक वरिष्ठ अधिकारी होते, शेजारी एक महिला अधिकारी. वरिष्ठांनी नकाशाकडं हात करून विचारलं की तुमच्या गावाहून समुद्र एवढा लांब, मग तुम्हाला इकडं का यायचंय?

याचं उत्तर मागच्या वर्षी तिनं पाठ केलेलं होतं, देशसेवा वगैरे. या वेळी तिनं खरं ते सांगितलं. माझ्या भावाला यायचं होतं. त्याला रंग दिसत नाहीत म्हणून तो राहिला. सुरुवातीला मी त्याची वेळ मोजायला पळायचे. नंतर मला कळलं की मी माझ्यासाठी पळतेय.

त्या अधिकाऱ्यांनी विचारलं, भावाला वाईट वाटत नाही का?

ती म्हणाली, "वाटतं सर. पण दर रविवारी तो येतो."

मग महिला अधिकाऱ्यांनी पोहता येतं का विचारलं आणि हिनं बायकांच्या बॅचची गोष्ट सांगितली, गुडघे, सुना, उकडलेली अंडी सगळं. खोलीत सगळे हसले म्हणे. त्या हसण्यानं तिचाच धीर सुटला, ती मनात म्हणाली, आता संपलं, ही काय मुलाखत झाली. संध्याकाळी सगळ्यांना अंगणात उभं करून निवडलेल्यांचे छातीवरचे नंबर पुकारले. तिचा पुकारला.

राहिली डॉक्टरी तपासणी. त्या सकाळी आई अंगणवाडीत गेली खरी, पण पोरांना खिचडीऐवजी आधी पाणीच वाटून बसली. पप्पांनी रजा टाकली होती. मी क्लास घेत होतो, पण मोबाईल टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला होता. फोन आला तो तिचाच. "दादा, चौऱ्याहत्तर," एवढंच म्हणाली. मी आईला फोन लावून तेवढंच सांगितलं. आईनं अंगणवाडीच्या पोरांना त्या दिवशी गूळ-शेंगदाणे वाटले.

नेमणुकीचं कळल्यावर गल्लीत मिरवणूक काढायची असं पोरांनी ठरवलं होतं. बहिणीनं नको म्हणून सांगितलं. ती विहारात जाऊन वंदना करून आली, आणि मग नांदेडला तलावावरच्या बायांना भेटायला गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला एक पेन दिलं. सिस्टरनी नुसतं जवळ घेतलं.

प्रशिक्षण केरळात होतं. ते संपल्यावर संचलनाला आम्ही गेलो. आई, पप्पा, मी आणि हट्टानं आबा. आज्जी म्हणाली, एवढ्या लांब मला बसवत नाही, तुम्ही बघून या आणि मला सांगा. गाडीत आबांनी शेजारच्या प्रवाशांशी तेलुगूत गप्पा मारल्या आणि आंध्र मागं पडेपर्यंत डब्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत झालं की नात कुठं आहे. मैदानापलीकडं समुद्र होता. मी तो पहिल्यांदा पाहिला. पप्पा म्हणाले, दादरला गर्दीत नीट दिसला नव्हता, आणि हात कपाळाशी धरून बघत राहिले. संचलन सुरू झालं तेव्हा सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्या टोप्या सारख्या, आईला आपली पोर कुठली ते सापडेना. ती माझा दंड धरून विचारत राहिली. मी दाखवली, पप्पांनी दाखवली, तोवर रांग पुढं गेली होती. मग आई सरळ म्हणाली, जाऊ दे, सगळ्या आपल्याच, आणि सगळ्यांसाठी टाळ्या वाजवायला लागली.

आता ती पश्चिम किनाऱ्यावर एका जहाजावर आहे. समुद्रात असली की आठवडाभर फोन लागत नाही. मग किनाऱ्याला आल्यावर एकदम सगळ्यांशी बोलते. गेल्या पावसाळ्यात वादळात भरकटलेल्या एका होडीतल्या माणसांना त्यांच्या जहाजानं काढलं. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तिला चहा मागितला आणि चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली, हे सांगताना ती हसत सुटली होती.

मी अजून गणितच शिकवतो. सकाळी मैदानावर काही मुलंमुली येतात, त्यांना पळवतो. नवं कुणी आलं की पहिल्याच दिवशी बाकावर बसवून ठिपक्यांचं पान दाखवतो. मागच्या वर्षी एका मुलाला एकवीस दिसलं. औसा रोडच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, पळायला चांगला. तो उठून जायला निघाला, तेव्हा मी त्याला म्हणालो, मला पण एकवीसच दिसतंय. तो परत बसला. आता तो बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय आणि पळायलाही येतो.

दिवाळीनंतर बहीण रजेवर आली होती. आली त्या दिवशी तिनं आंघोळ केली, बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि पुढच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपली ती दुपार उलटली तरी उठेना. तिला भेटायला आबा धर्माबादहून एसटीनं आले होते. गल्लीतले लोकही येत होते. आबा दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून परत पाठवत राहिले. शेजारची बाई आत डोकावायला लागली, तर तिला म्हणाले, "झोपू द्या. जहाजावर झोप व्हत न्हाई तिची."